पोस्टकार्डावर न आलेल्या शाळा

हैदराबादची जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवायचा मला नाद आहे. त्यात शाळा-कॉलेजं बरीच सापडतात. निजाम कॉलेज, मुसीकाठचं सिटी कॉलेज आणि १९३९ साली उघडलेली उस्मानियाच्या आर्ट्‌स कॉलेजची भव्य इमारत. १९३७ साली निजामाच्या रौप्यमहोत्सवाला उस्मानिया विद्यापीठ टपाल तिकिटावरही आलं.

हे सगळं सरकारी वैभव. त्या राज्याच्या तिकिटांवर मराठीला जागा मिळाली होती, पण उस्मानियात शिकायचं ते उर्दूतून. आपल्या भाषेत मुलांना शिकवायचं तर लोकांनीच पदरमोड करून शाळा काढायच्या. अशा शाळेचं कार्ड मला अजून एकही मिळालेलं नाही. त्या बघायच्या तर नारायणगुडा आणि त्याच्या आसपास पायी फिरायला हवं.

सुरुवात मात्र मेट्रोनं एक स्टेशन पुढे, सुलतान बाजारला उतरून करा. तिथून जवळ जांबागेत मराठी मंडळींनी १९०७ साली सुरू केलेली विवेकवर्धिनी आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये इथे समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठीतली भाषणं लोकांनी शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेत हुर्यो उडाली. टाळ्या पिटून त्यांना बोलू दिलं नाही. त्या अपमानानं पेटलेल्या तेलुगू तरुणांनी लगेच 'आंध्र जनसंघम' स्थापन केला.

आता नारायणगुड्याला या. इथली माडपाटी हनुमंतराव मुलींची शाळा ही त्याच चळवळीतल्या हनुमंतरावांनी १९२८ साली काढलेली, तेलुगू माध्यमाची. उस्मानिया विद्यापीठ तिला मान्यता देईना. मग मान्यता मिळाली कुठून? पुण्याहून, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाकडून! तिथे मातृभाषेतून शिकणं हेच मुळी धोरण होतं. ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत तेलुगूची टर उडवली गेली, त्यांच्याच विद्यापीठानं तेलुगू मुलींना दार उघडून दिलं.

याच नारायणगुड्यात केशव मेमोरियल आहे. मराठवाड्यातून येऊन इथे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले, विवेकवर्धिनीसाठी झटलेले केशवराव कोरटकर १९३२ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली ही संस्था उभी राहिली. आज तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या किती मुलांना 'केशव' कोण हे ठाऊक असेल?

आपण इथे आपली भाषा टिकवली याचा अभिमान वाटतोच, वाटायलाही हवा. पण १९२१ ची ती सभाही आपलीच होती, हे पुढच्या पिढीला सांगायला हवं. आपल्या भाषेसाठी धडपडणाऱ्यानं शेजाऱ्याच्या भाषेला हसू नये, एवढं तरी त्यातून घेता येईल.

आणि एक काम कराच. घरातल्या ट्रंकेत आजी-आजोबांच्या वर्गाचा फोटो असेल तर तो बाहेर काढा. शाळा, साल आणि ओळखू येतील तेवढी नावं त्यांच्याकडून विचारून मागे पेन्सिलीनं लिहा. या शाळांची पोस्टकार्डं म्हणायची तर हीच.