दुसऱ्या गिअरची खरखर

आजही दुसरा गिअर टाकताना खरखर झाली, तीही फक्त तिसऱ्यातून खाली येताना. क्लच नीट सुटत नसता, तर उभ्या गाडीत रिव्हर्सही करकरला असता. तो अलगद पडतो. न्यूट्रलमध्ये घरघर नाही, म्हणजे इनपुट शाफ्टचं बेअरिंग शाबूत. मग ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा कीस जवळपास नाही, पण ऑइलमध्ये सोनेरी चमक! पितळ चुंबकाला चिकटत नाही. झिजलीय ती दुसऱ्याची सिंक्रो रिंग. गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवताना घासली जाते ती हीच. डबल क्लच मारला की खरखर थांबते, हाही पुरावाच. या गाडीच्या चॅसिसचा प्रत्येक वेल्ड माझ्या हातचा आहे. तिचा गिअरबॉक्स नुसत्या अंदाजावर उघडणं मला पटलंच नसतं. आता गिअरबॉक्स उतरवायला उद्या प्रॉपशाफ्ट सोडवतो.