हिरवा माळ आणि रिकामा पंधरवडा

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की पुरंदर तालुका एकदा पाहून घ्यावा. पुण्याहून हडपसर मागे टाकून दिवे घाट चढू लागले, की खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो आणि वर डोंगराला पिवळा रंग चढलेला असतो. वारीच्या दिवसांत माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते, तेव्हा हे डोंगर नुकतेच कुठे ओले होऊ लागलेले असतात. भाद्रपदात त्यांच्या अंगावर सोनकी, तेरडा आणि कुर्डू फुललेली असतात. पहाटे गवतावर दहिवर पडते, दुपारी ऊन चटका देते आणि संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. शरदाची चाहूल म्हणतात ती हीच.

हा तालुका सह्याद्रीच्या आडोशाला, म्हणजे पर्जन्यछायेत आहे. कऱ्हा नदीचे नाव मोठे, पण पाणी थोडे. म्हणून इथल्या शेतकऱ्याने कमी पाण्याची फळे जवळ केली. सासवडच्या बाजारात या दिवसांत सीताफळाच्या पाट्या आणि क्रेट उतरत असतात. फळावरचे डोळे उघडले आणि दोन डोळ्यांमधली जागा पिवळसर पांढरी झाली, की तोडणी करायची, हे इथे शाळकरी पोरही सांगते. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मीठ्या बहाराची छाटणी आता सुरू होईल. वाटाणा आणि घेवडा बाजारात आहेत, बाजरीची कणसे भरली आहेत, झेंडू दसऱ्याची वाट पाहतो आहे. रब्बी ज्वारीच्या पेरणीला वापसा कधी येतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले आहेत.

एवढी धांदल चाललेली असताना या तालुक्यात एकच माणूस मोकळा असतो. तो म्हणजे जमिनीचा एजंट.

माझ्या ओळखीचे असे एक गृहस्थ आहेत. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मोकळे. शिवारफेरीला निघालो की सासवडच्या स्टँडजवळ चहाला भेटतात. म्हणाले, "साहेब, पितृपंधरवड्यात आमचं दुकान बंदच असतं बघा. पितरांच्या दिवसांत कुणी इसार देत नाही, कुणी घेत नाही. घटस्थापना झाली की फोन सुरू, अन् दसऱ्याला बसायला उसंत नाही."

मी विचारले, "मग या पंधरा दिवसांत करता काय?"

"विचार करतो," ते हसत म्हणाले. "बाकी वर्षभर सवड कुठं असते?"

त्यांचा पहिला विचार माझ्या मनात बसला. ते म्हणाले, "शहरातला माणूस जमीन बघायला येतो तो श्रावण-भाद्रपदात. तेव्हा मुरमाड माळसुद्धा नवरीसारखा दिसतो. विहीर काठोकाठ. समोर किल्ला. गिऱ्हाईक जागेवरच हो म्हणतं. तोच माळ चैत्रात दाखवला, तर गाडीतून खाली उतरायचं नाही." गिऱ्हाईकाला ते आधी दोन प्रश्न विचारतात. तुमच्या नावावर कुठे सातबारा आहे का, हा पहिला. कारण आपल्या राज्यात सहसा शेतकऱ्यालाच शेतजमीन विकत घेता येते. दुसरा म्हणजे, ही विहीर फाल्गुनात पाहिली आहे का? "दुसऱ्या प्रश्नानं माझे दोन-चार व्यवहार मोडले," ते म्हणाले, "पण भांडण घेऊन दारात कुणी आलं नाही."

शेतकरी आणि एजंट एकाच जमिनीबद्दल बोलतात, पण त्यांची भाषा वेगळी असते. शेतकरी म्हणतो, विहिरीचे रान, आंब्याची पट्टी, खालचा तुकडा. एजंट म्हणतो, रस्त्याला लागून, रस्त्यापासून आत, डोंगराकडची. शेतकरी एकराने मोजतो आणि एजंट गुंठ्याने. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि 1089 चौरस फुटांचा गुंठा, हे गणित दोघांचे एकच. तरी गुंठ्याचा भाव ऐकला की एकराच्या धन्याला घेरी येते. विमानतळाची घोषणा 2016 साली झाली आणि या भागात जमिनीची चर्चा पारावरून थेट चुलीपाशी गेली. काही गावांनी जमीन देणार नाही म्हणून कंबर कसली. काहींच्या घरात भाऊ-भाऊ बोलेनासे झाले. सीताफळाची बाग लावावी की थांबावे, असे मला तरुण मुले विचारतात. त्यांना काय सांगावे, याचा मीही विचार करतो. पाच बाय पाच मीटरवर एकरी एकशे साठ झाडे बसतात, हे सांगणे सोपे आहे. ती झाडे फळावर येईपर्यंत जमीन कुणाची असेल, हे सांगणे माझ्या खात्याचे काम नाही.

चहा संपता संपता ते गृहस्थ जे बोलले, ते मात्र हिशेबातले नव्हते. त्यांच्या वडिलांनी रस्त्याकडेचे सगळे रान तीस वर्षांपूर्वी विकले. त्या पैशात एका बहिणीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला आणि उरले ते दवाखान्यात गेले. शेती गेली म्हणून मुलगा दुसऱ्याच्या जमिनी विकू लागला. "वडिलांना बोल लावत नाही," ते म्हणाले. "त्यांच्या जागी मी असतो तर मीही विकलं असतं. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमची मंडळी शेजारणीकडं पाटी घेऊन जाते. घटाला रानातली माती लागते ना साहेब! आमच्याकडं रान नाही. शेजारीण देते, कधी नाही म्हणत नाही. पण मंडळी घरी येऊन अर्धा तास कुणाशी बोलत नाही."

वाचकहो, घटाची माती आपण शेतातून पाटीभर सहज आणतो. तिची किंमत काय, असे कधी मनातही येत नाही.

जमीन विकूच नये, असे मी म्हणणार नाही. आजारपण असते, कर्ज असते, मुलांचे शिक्षण असते. ज्याच्या घरी अडचण आहे, त्याला बाहेरच्याने उपदेश करू नये. पण विकायची वेळ आलीच, तर त्या एजंटानेच सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो. हिरवे रान आणि मोठा आकडा पाहून इसार घेऊ नका. घरात सगळ्यांसमोर बोला, बायकांनाही बसवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, 2005 पासून कायदा तसा आहे. म्हणून सही मागायच्या दिवशी नव्हे, तर विचार करायच्या दिवशी बहिणीला बोलवा. उरलेल्या रानाची वाट आणि विहिरीतला हिस्सा खरेदीखतात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलले आहेत. ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करा.

पाचवी गोष्ट माझी. सगळे विकू नका. घराजवळचा एक तुकडा, मग तो मुरमाड का असेना, ठेवा. त्यात दहा सीताफळे लावा. ती फार पाणी मागत नाहीत, आणि शेळीही त्यांच्या पाल्याला तोंड लावत नाही.

नवरात्रात बहिणी, लेकी माहेरी येतील. बोलायचे असेल ते तेव्हा बोलून घ्यावे. तोवर ज्वारीचे बियाणे आणून ठेवा आणि पेरणीपूर्वी किलोला चार ग्रॅम गंधक चोळायला विसरू नका. हस्ताचा पाऊस चांगला पडला, तर वापसा येताच तिफण धरता येईल.