नळीवाल्याची गाडी

स्कूटर म्हटली की चारचौघांच्या तोंडी व्हेस्पा, नाही तर बजाज. इनोसेंटी हे नाव कुणी घेत नाही, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

फर्डिनांदो इनोसेंटी हा इटालियन गृहस्थ मूळचा पोलादी नळ्यांचा कारखानदार. इमारतींच्या परांच्यांना लागतात त्या नळ्या! महायुद्धात मिलानचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत मोडला आणि 1947 साली तेथूनच लँब्रेटा बाहेर पडली. धंदाच नळीचा, तेव्हा गाडीचा सांगाडाही नळीचा. इंजिन बरोबर मधोमध. व्हेस्पाचे मात्र एका कुशीला. म्हणून तर बजाज रुसली की लोक तिला आडवी कलती करीत. आमचे नाना हे दृश्य मोठ्या समाधानाने पाहत.

नानांची लँब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची. पुढे मी, मागे आई, मधल्या जागेत गव्हाची पिशवी, असा आमचा संसार काशीगावाहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाई. नाना गेल्यापासून ती पत्र्याखाली उभी आहे. धाकटा म्हणतो, भंगारात देऊ, जागा तरी मोकळी होईल. आई काहीच बोलत नाही. फक्त दसऱ्याला झेंडूची माळ दोन जास्त करते, एक दाराला, एक तिला.

इनोसेंटीची यंत्रे तरी कुठे भंगारात गेली? इटलीतले काम थांबले, तेव्हा 1972 साली आपल्या सरकारच्या स्कूटर्स इंडियाने ती विकत घेऊन लखनौला आणली. धाकट्याला मी हे ऐकवले. तो म्हणाला, "मग लखनौलाच पाठवा."

आईने त्याला चहा दिला नाही.