चूक कुठे झाली, ते सांगा

मी जन्मापासून अंध आहे आणि आमच्या घरातले ऑनलाइन अर्ज मीच भरते. मुलीची शिष्यवृत्ती, विजेची तक्रार, सासऱ्यांच्या पेन्शनचं काम, सगळंच. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने २००६ साली तो बनवायला घेतला, पुढे जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. तो मोफत मिळतो, म्हणून तर संगणक माझ्या हाती आला.

टॅब दाबत गेलं की तो एकेका रकान्याचं नाव वाचतो. फॉर्म बनवणाऱ्याने रकान्याला लेबल जोडलेलं असेल, तर ‘मोबाइल नंबर, एडिट, रिक्वायर्ड’ असं ऐकू येतं. नाव नुसतं शेजारी छापलेलं असेल, तर ‘एडिट, ब्लँक’ एवढंच. मग मागचंपुढचं ऐकून अंदाज बांधायचा. ते जमून जातं. खरं अडतं ते ‘सबमिट’ दाबल्यावर.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला तसंच झालं. बटण दाबलं, काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं. अर्ज गेला की नाही, कळायला मार्ग नाही. बाणाची कळ दाबत अख्खं पान वरून खालपर्यंत ऐकलं. चुकीचा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावलं.

‘‘काकू, उत्पन्नाच्या रकान्याला लाल चौकट आलीय.’’

‘‘काय चुकलंय म्हणतात?’’

‘‘तसं काही लिहिलेलं नाही. नुसतीच लाल झालीय.’’

बराच वेळ खटपट केल्यावर उलगडा झाला. १,८०,००० मधले स्वल्पविराम त्या फॉर्मला चालत नव्हते. ते काढून पुन्हा सबमिट केलं, तर बँकेचे सगळे रकाने कोरे झाले आणि थोड्याच वेळात लॉगिनची मुदतही संपली. उरलेला अर्ज त्या मुलानेच भरला. मी त्याला खाते क्रमांक सांगितला, आधार क्रमांक सांगितला, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. मुलगा सज्जन आहे, प्रश्न त्याचा नाहीच. आमच्या घरात किती पैसे येतात, हे कुणाला कळू द्यायचं ते मी ठरवायला हवं होतं. त्या लाल चौकटीने ते माझ्या हातात ठेवलं नाही.

आणि हे काही अवघड काम नाही. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, २००८च्या आवृत्तीपासून सांगत आहेत की चूक कोणत्या रकान्यात आहे ते दाखवा, ती शब्दांत लिहा, नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. २०१८ साली त्यात भर पडली, की पानावर उमटलेली सूचना कर्सर तिथे न नेताही स्क्रीन रीडरला कळली पाहिजे. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्याच्या पीडित आणि एका अंध व्यक्तीच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

चांगला फॉर्म कसा असतो, तेही मी अनुभवलं आहे. सबमिट दाबताच आवाज आला: ‘‘दोन चुका आहेत.’’ कर्सर आपोआप पहिल्या चुकीच्या रकान्यात गेला आणि ऐकू आलं, ‘‘जन्मतारीख, इनव्हॅलिड एंट्री, दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहा.’’ बाकी भरलेलं सगळं जागच्या जागी होतं. दोन्ही दुरुस्त्या करून मी अर्ज पाठवून दिला, कुणालाही हाक न मारता. अशी सूचना डोळसांनाही हवीच असते. माझ्या सासऱ्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्याचं बोट खालच्या बटणावर असतं आणि चुकीची सूचना वर, पडद्याबाहेर उमटलेली असते. त्यालाही ती दिसत नाही.

शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला मी सविस्तर मेल लिहिला. कोणती कळ दाबली, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं, सगळं क्रमाने. तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. त्याने स्वतःच्या संगणकावर एनव्हीडीए घातला, पडदा बंद केला आणि मी सांगत गेले तसा फॉर्म भरून पाहिला. आता उत्पन्नाच्या रकान्यावर गेलं की ‘फक्त अंक लिहा, स्वल्पविराम नको’ असं आधीच ऐकू येतं. कॅप्चा मात्र अजून चित्रातलाच आहे, त्याला आवाजाचा पर्याय नाही. त्याबद्दलचा मेल पाठवला आहे; पोच आली, उत्तर यायचं आहे.