आटे

पहिल्या वेतनातून घेतलेली माझी मोटारसायकल गेल्या पावसाळ्यात फटफट आवाज करू लागली. सायलेन्सरचा नट सैल झाला असावा असे समजून मी पान्ह्याला पाइप जोडून तो आवळला. नटाबरोबर स्टडही फिरत राहिला. पोलादी स्टडने ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे खरवडून काढले होते. चूक सर्वस्वी माझी.

गॅरेज आपल्याच निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्याचे. इतिहासाच्या पेपरात मी त्याला दोनदा नापास केले होते.

"सर, सहा एमएमच्या नटाला एवढा लांब पान्हा?" एवढेच तो म्हणाला.

जाड स्टड बसवावा, असे मी सुचवले. कडेची भिंत पातळ आहे, म्हणून त्याने ते नाकारले. मी टॉर्च धरून उभा राहिलो. ड्रिल तिरपे जाऊ नये म्हणून त्याने गुण्या लावून पुन्हा पुन्हा पाहिले. मग टॅपने नवे आटे पाडले; दर अर्ध्या फेऱ्याला टॅप मागे फिरवून कीस मोकळा केला. त्यात पोलादी तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवून तिची आडवी शेपटी तोडून बाहेर काढली. आत पुन्हा सहा मिलिमीटरचाच स्टड बसला.

शेवटचा नट आवळण्यासाठी त्याने आखूड पान्हा माझ्या हाती दिला.

"नुसत्या बोटांच्या जोराने, सर."