पोरगी खेळायला लागली म्हणजे उपचार संपले असं नाही



उन्हाळी कांद्याच्या नोंदी मध्येच का थांबल्या, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आज सांगतो.

आमची सात वर्षांची पोरगी आजारी पडली. ताप उतरेना, नडग्यांवर निळे डाग, तोंड पांढरंफटक. धुळ्याला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला. निदान झालं रक्ताच्या कॅन्सरचं. डॉक्टर त्याला एएलएल म्हणतात. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच.

वॉर्डातला दिवस एका आकड्यावर चालतो, 'काउंट'. औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, तशा जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशीही मारतं. काउंट पडला की साधा जंतूसुद्धा जिवावर उठतो. आपण शेतकऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवायला हवं. शेणखत, बुरशी लागलेला चारा, मळणीची धूळ यातली बुरशी आपल्याला काही करत नाही, पण अशा लेकराच्या फुप्फुसात घर करू शकते. वावरातून आलात की आंघोळ, कपडे बदल, मगच लेकराजवळ. आणि ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

दर आठवड्याला एक इंजेक्शन असायचं, व्हिन्क्रिस्टीन. ते कशापासून मिळतं माहीत आहे? आपल्या ओट्याजवळच्या सदाफुलीपासून. टनभर वाळलेल्या पाल्यातून हाती येतं ते जेमतेम काही ग्रॅम. पेशीची फाळणीच ते थांबवतं. पण म्हणून कोणी घरी सदाफुलीचा काढा उकळू नका. झाड विषारी आहे, आणि औषधाची मात्रा लेकराच्या वजन-उंचीवरून काढतात.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. पहिला टप्पा संपला, तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पोरगी भाकरी मागायला लागली, वॉर्डात पळायला लागली. आणि इकडे कांद्याच्या माना पडल्या. गावाकडून फोन सुरू झाले, "आते पोर बरी व्हई गयी, घर लई या."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत म्हणजे संपल्या असं नाही. काही पेशी मेंदू आणि मणक्याच्या पाण्यात लपून राहतात, म्हणून तर पाठीतही इंजेक्शन देतो. एकूण उपचार दोन ते अडीच वर्षांचे.

मला हराळी आठवली. वरून वावर स्वच्छ दिसतं, पण खाली काशा जिवंत असतात. पहिल्या पावसाला पुन्हा हिरवंगार.

भावाला फोन केला. तो एवढंच बोलला, "तू तठेच ऱ्हाय, कांदा आम्ही काढी लेसूत." चाळीत भरायला माणूस नव्हता, माल काढला तसाच पिंपळनेरला विकला. भाव जो मिळाला तो मिळाला. आम्ही दोघं नवराबायको पोरीजवळ राहिलो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण कमी राहण्याचं एक कारण म्हणजे अर्धवट सोडलेले उपचार. त्यामागे पैसा, मुक्काम आणि शेतीचे दिवस असतात.

म्हणून माहितीसाठी:

• रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना भेटा.
• बाहेरगावच्या मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत केंद्रं आहेत. कुटुंबाला खोली आणि सामायिक स्वयंपाकघर मिळतं. नाव हॉस्पिटलकडूनच जातं.
• दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही या पेशंटसाठी मोठा आधार आहे.
• रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर पेशंटला भाड्यात सवलत आहे.
• प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. मुंबईत कोणी ओळखीचं असेल तर दान करायला सांगून ठेवा.

आमची पुढची तारीख मृगात येते. पेरणी चार दिवस मागे-पुढे झाली तरी चालेल, ती तारीख पुढे ढकलणार नाही.