सक्तीचा रकाना

रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकूच द्यायचा नाही, हे माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. मत कसलं, पगारच त्याचा मिळत होता. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिकच्या हातात जो टॅबलेट असतो, त्यावरच्या फॉर्मचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. रुग्णाची नाडी किती, काय दिलं, किती वाजता दिलं, हे सगळं त्यात भरायचं. त्यातला कोणता रकाना सक्तीचा, कोणतं उत्तर आलं की लाल खूण दाखवायची, हे नियम लिहिणं माझ्याकडे. नियम जितके कडक तितकी माहिती खरी, असा माझा सरळ हिशेब. तो आता राहिलेला नाही. देशभरातली ही माहिती एकाच साच्यात जमली पाहिजे, या मताला मात्र मी आजही तितकीच चिकटून आहे. म्हणजे घर तेच, आतल्या भिंती मी हलवल्या.

साचा लागतोच कशाला, हे आधी सांगायला हवं. 1966 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्या वेळी देशातल्या जवळपास निम्म्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवा चालवत होते अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक, सुमारे 12,000 जण. कारण माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याचकडे असायची. (वाटेत काही झालंच तर गाडी बदलायला नको, ही भर माझी, अहवाल फार गंभीर आहे.) त्याच वर्षी रस्ते-सुरक्षेचा कायदा झाला आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा विषय वाहतूक खात्याच्या पदरात पडला. राष्ट्रीय पातळीवरचं काम आजही मुख्यतः तिथेच आहे. प्रत्यक्ष सेवा मात्र ज्याच्या त्याच्या: कुठे अग्निशमन दल, कुठे काउंटी, कुठे खासगी कंपनी, कुठे गावातले स्वयंसेवक. फॉर्मही ज्याचे त्याचे.

याने काय बिघडतं, ते हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या आकड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. 1990 साली 29 शहरांचे आकडे शेजारी शेजारी मांडणारा एक लेख आला. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जगून घरी गेले किती, तर कुठे 2 टक्के, कुठे 25 टक्के. एवढा फरक? काही फरक खराच होता. सिएटलकडे नागरिकांना छाती दाबायला शिकवलं होतं, गाड्या लवकर पोचत होत्या. पण बाकीचा फरक भागाकारातला होता. खाली कोणता आकडा ठेवायचा? जे जे मेलेले आढळले ते सगळे, की ज्यांच्यावर प्रयत्न केले तेवढेच, की ज्यांचं हृदय थरथरत होतं आणि शॉक देता आला तेवढेच? आणि वरचा आकडा? नाडी परत आली तो जगला, की जिवंत दवाखान्यात पोचला तो, की स्वतःच्या पायांनी घरी गेला तो? खालचा आकडा लहान धरा, वरचा मोठा धरा, शहर एकदम कर्तबगार दिसतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या परीने खरंच बोलत होता आणि म्हणूनच तुलना अशक्य होती.

त्याच वर्षी नॉर्वेतल्या उटश्टाइन नावाच्या जुन्या मठात वेगवेगळ्या देशांचे डॉक्टर जमले आणि त्यांनी हे भाजक-भाज्य एकदाचं ठरवून टाकलं. त्यानंतर त्या पद्धतीने न्यूयॉर्कचं मोजमाप झालं. 1994 साली छापून आलेला आकडा होता 1.4 टक्के. लाज वाटावी असा, पण ज्यावर काम सुरू करता येईल असा.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या सगळ्याच कामासाठी असं काही करावं म्हणून 1993 साली 81 मुद्द्यांची एक यादी झाली. तिच्यातून पुढे नेमसिस ही राष्ट्रीय माहितीव्यवस्था उभी राहिली. तिचं तांत्रिक केंद्र यूटा विद्यापीठात आहे. राज्यांवर सक्ती नाही. 2003 पासून एकेक राज्य सहीनिशी सामील होत गेलं. आज रुग्णाची ओळख काढून टाकलेल्या नोंदी वर्षाला पाच कोटींच्या वर जातात. ते 81 मुद्दे केव्हाच शेकड्यांत गेले, आणि त्या शेकड्यांवर माझं पोट चालतं.

मला त्या पसाऱ्याचं कौतुकच होतं. एखाद्या ग्राहकाने, म्हणजे एखाद्या काउंटीच्या सेवेने, ‘आमच्या नोंदी किती टक्के पूर्ण?’ असं विचारलं आणि आमच्या तक्त्यात 99 आलं, की मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं व्हायचं. अर्धवट नोंद म्हणजे आळस. दिवसभर घाम गाळून शेवटी वेळ मारून न्यायची, हे मला मंजूर नव्हतं. म्हणून ‘नोंदलं नाही’ हे उत्तर मी फॉर्ममध्ये असं काही दडवून ठेवलं होतं, की ते शोधण्यापेक्षा आकडा टाकणं सोपं पडावं. ग्राहकांनाही तेच हवं होतं.

मग कंपनीने आम्हा ऑफिसात बसणाऱ्यांना अधूनमधून गाडीवर पाठवायला सुरुवात केली. मी ज्यांच्याबरोबर गेले ते पॅरामेडिक निवृत्तीला आलेले, बोलायला मोकळे. एका फेरीत तीन वर्षांचं मूल होतं, तापाने झटके आलेलं. त्यांनी मुलाला कुशीवर वळवलं, श्वासाची वाट मोकळी केली, प्राणवायू लावला, औषध दिलं, आणि हे करता करता आईशी सतत बोलत राहिले. रक्तदाब घ्यायला त्या दहा-बारा मिनिटांत हात रिकामा नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून ते फॉर्म भरू लागले आणि माझा नियम आडवा आला. रक्तदाब भरा. त्यांनी एक आकडा टाकला. त्या वयाला शोभणारा, अगदी वाजवी आकडा. माझ्या नियमाने त्याला हिरवी खूण दिली.

मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, “तुझा फॉर्म ‘मोजलं का’ असं विचारतच नाही. ‘किती’ एवढंच विचारतो.”

तिथल्या तिथे मी बदलले, असं म्हणणं नाटकी होईल. उलट मला रागच आला. हा माणूस नियम पाळत नाही, वर मलाच शिकवतो. परत आल्यावर मी आमच्याच नोंदी उघडल्या, ते बहुधा त्यांना खोटं पाडायलाच. श्वासाची गती हा रकाना घेतला. 16 आणि 18 या दोन आकड्यांचे मनोरे उभे होते. 17 जवळजवळ नाहीच. आता याला निम्मं स्पष्टीकरण प्रामाणिक आहे: अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर विषम आकडा येऊच शकत नाही, आणि पाव मिनिट मोजून चौपट केली तर 12, 16, 20 असेच आकडे येतात. पण दम्याने धापा टाकणारा माणूस आणि पाय मुरगळलेला माणूस, दोघांचाही श्वास 16? आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त बोचली. ज्या ज्या रकान्यांवर मी सक्ती लावली होती, ते भरले गेले होते, पण सक्तीनंतर त्यांतले आकडे सगळे मधल्या, निरोगी पट्ट्यात येऊन दाटले होते. माझ्या एका नियमाने कागदावर किती जण बरे झाले होते!

राष्ट्रीय साच्याने हा प्रश्न माझ्या कितीतरी आधी ओळखला होता. इथेच तर घोडं पेंड खात होतं; मी वाचलं होतं, मानलं नव्हतं. नेमसिसच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत रिकाम्या जागेसाठी वेगवेगळे आकडे होते: उणे 25 म्हणजे लागू नाही, उणे 20 म्हणजे नोंदलं नाही, उणे 10 म्हणजे माहीत नाही. (एका नवशिक्या सहकाऱ्याने हे आकडे न काढता नाडीची सरासरी काढली होती. त्याचे रुग्ण चांगलेच गारठलेले निघाले.) पुढच्या आवृत्तीत याहून शहाणी सोय आली. समजा छातीत दुखणाऱ्या माणसाला अ‍ॅस्पिरिन दिलं नाही. का दिलं नाही? अ‍ॅलर्जी आहे, रुग्णाने नकार दिला, देणं धोक्याचं होतं, किंवा त्याने घरी आधीच घेतलंय. या प्रत्येक कारणाला तिथे स्वतंत्र जागा आहे. रिकाम्या रकान्यावर ‘हलगर्जी’ असा शिक्का बसतो. ‘आधीच घेतलंय’ ही उत्तम सेवेची खूण ठरते. मी या सोयीला पळवाट समजत होते. खरं तर साच्यातला सगळ्यात विचार करून घडवलेला भाग तोच आहे.

आमच्या ऑफिसात मी आता विरोधी बाकावर असते. एक सहकारी मला नेहमी विचारतो, ‘नोंदलं नाही’ समोर आणून ठेवलंस तर उद्यापासून सगळे तेच दाबणार नाहीत का? दाबतील, काही जण दाबतातच. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण एका सेवेत आम्ही ते उत्तर समोर आणलं तेव्हा लहान मुलांच्या रक्तदाबाला ‘नोंदलं नाही’ धडाधड येऊ लागलं, आणि चौकशी केली तर निम्म्या गाड्यांमध्ये रक्तदाब मोजायचे लहान मुलांच्या मापाचे पट्टेच नव्हते. आधीच्या भरगच्च नोंदींत ही गोष्ट वर्षानुवर्षं झाकलेली होती.

आणि एक साचा नसता तर काय हातात आलं नसतं, याचं माझं आवडतं उदाहरण सायरनचं आहे. 2016 च्या राष्ट्रीय नोंदींवर एक अभ्यास झाला. अ‍ॅम्ब्युलन्सचे अपघात ही तशी विरळ गोष्ट. एका शहराच्या आकड्यांतून काहीच कळणार नाही. दीड-दोन कोटी फेऱ्या एकत्र केल्या तेव्हा दिसलं, की रुग्णाला घेऊन दवाखान्याकडे जाताना दिवे-सायरन न लावता एक लाख फेऱ्यांमागे 7 अपघात होत होते आणि लावून 17. घाई करून वाचवायचं म्हणतो, त्या वाटेवरच हा फरक. सायरन कधी लावावा, यावर आता सेवा गांभीर्याने बोलतात. सायरन लावला की नाही, हा एका क्लिकचा रकाना. तो अंदाजाने भरायचं कुणाला कारण नाही, म्हणून तो खरा. सक्तीचा असला तरी माझी त्याला हरकत नाही.

घड्याळाचंही असंच. अमेरिकेत कित्येक करारांमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स 8 मिनिटं 59 सेकंदांच्या आत पोचावी अशी अट असते. घड्याळ सुरू कधी करायचं? फोन वाजला तेव्हा, उचलला तेव्हा, गाडीला कळवलं तेव्हा, की चाकं फिरली तेव्हा? आणि थांबवायचं कधी? गाडी दारात आली की संपलं? बाविसाव्या मजल्यावरचा रुग्ण अजून तितकाच दूर असतो. नेमसिसमध्ये ‘ठिकाणी पोचलो’ आणि ‘रुग्णाजवळ पोचलो’ या दोन वेगळ्या वेळा आहेत. मुंबईतल्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

हे सगळं मी लिहायला बसले ते माझ्या मावसभावामुळे. तो महाराष्ट्रात 108 च्या गाडीवर डॉक्टर आहे. 108 पहिल्यांदा सुरू झाली 2005 साली आंध्रात. महाराष्ट्रात 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी आली, आणि गाडीवर डॉक्टर हे आपल्याकडचं वैशिष्ट्य. अमेरिकेत तो मान पॅरामेडिकचा. पण प्रत्येक राज्याचा करार वेगळा, चालवणारा वेगळा, नोंदीही वेगळ्या. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण तो पोलिसांच्या नोंदींतून येतो आणि पोलिसांचा साचा देशभर एक आहे. यांच्यापैकी किती जण गाडीत चढवताना जिवंत होते, याचं उत्तर देशभरासाठी एका जागी सापडत नाही.

भावाने विचारलं, “ताई, आपल्याकडे असं काही करायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?” काही वर्षांपूर्वी मी त्याला चारशे रकान्यांची फाइल पाठवली असती. या वेळी एका पानात मावेल एवढंच पाठवलं: पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळेची एका ओळीत व्याख्या, शुद्ध आहे की नाही, हृदय बंद पडलं असेल तर उटश्टाइनचे मुद्दे, दवाखान्याने ताब्यात घेतल्यावर पुढे काय झालं, आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘केलं नाही, कारण...’ अशी ठळक जागा. शेवटी उशिराच्या कारणांची अमेरिकन यादी जोडली; त्यात गर्दी, रहदारी, पत्ता न सापडणं, भाषेची अडचण, हवामान असं बरंच काही आहे.

त्याचा रात्री फोन आला. यादी ठीक आहे म्हणाला. “पण गणपतीची मिरवणूक म्हणजे गर्दी की रहदारी?”

मी म्हटलं, ते तुमच्या ड्रायव्हर मंडळींनी बसून ठरवा. फक्त सांगलीने आणि सोलापूरने एकच ठरवा.